छेद उडवायच्या आधी

अपूर्णांक आले की समीकरण अवघड होतं असं तुला वाटतं. तसं काही नसतं. क्ष + ५ = १२ तू तोंडी सोडवतेस, ३क्ष − ४ = ११ ला तुला दोन ओळी लागतात. तेच समीकरण छेद घालून पुढे आलं की पेन्सिल तोंडात जाते. यावर उपाय एकच: छेद घेऊन चार-चार ओळी चालायचंच नाही, पहिल्याच ओळीत त्यांना वाटेला लावायचं. ते लावताना दोन-तीन ठिकाणी पाय घसरतो. वह्या तपासण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे ती ठिकाणं मला पाठ आहेत. तुलाही दाखवून ठेवते.

तुझ्या पुस्तकात चलासाठी इंग्रजी अक्षर असतं, मी माझ्या सवयीने क्ष लिहिते. आणि इथे अपूर्णांकाची रेघ तिरकी दिसते आहे, ती फक्त ओळीत बसावी म्हणून. वहीत तू आडवीच काढ आणि पट्टीने काढ. समीकरणात रेघेला फार महत्त्व आहे, ते पुढे येईलच.

मी लहान होते तेव्हा रुपयाचे सोळा आणे असत. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, तरी घरातला हिशेब बराच काळ आण्यांतच चालला. अधेली म्हणजे आठ आणे, पावली चार, चवली दोन. रुपयाचा पाव आणि रुपयाचा आठवा भाग मिळून किती, असं बाजारात कुणी कुणाला विचारत नसे. पावली आणि चवली, सहा आणे, संपला विषय. पाव आणि अष्टमांश दोघांना आण्यात आणलं की अपूर्णांक उरतच नव्हते. समीकरणात लसावि काढून दोन्ही बाजूंना गुणतात, त्यात याहून वेगळं काही नाही.

क्ष/३ + क्ष/४ = ७

तीन आणि चार यांचा लसावि १२. पहिल्या ओळीत शब्दांत लिही: ‘दोन्ही बाजूंना १२ ने गुणून’. हे लिहायला कंटाळा करू नकोस. परीक्षकासाठी तर ते आहेच, पण त्याहून जास्त तुझ्या स्वतःसाठी आहे, कारण ‘दोन्ही’ हा शब्द लिहिला की उजवीकडच्या साताकडे लक्ष जातं. मग ४क्ष + ३क्ष = ८४, म्हणजे ७क्ष = ८४, म्हणजे क्ष = १२. ताळा: बाराचा तिसरा भाग चार, चौथा भाग तीन, बेरीज सात.

लसाविच हवा असं काही नाही. छेदांचा नुसता गुणाकार घेतलास तरी उत्तर चुकत नाही, आकडे मात्र फुगतात, आणि फुगलेल्या आकड्यांत साध्या बेरजा चुकतात. ४ आणि ६ असतील तर १२ पुरे, २४ ची हौस नको.

आता रेघेचं. मी नवी नवी शिकवायला लागले तेव्हा शाळेत गणिताच्या एक जुन्या बाई होत्या. निवृत्तीला आल्या होत्या, बोलायच्या कमी. त्यांनी मला एक वाक्य दिलं, ते मी पुढे प्रत्येक वर्गाला दिलं: छेद उडवायच्या आधी अंशाला कंस घाल.

का ते बघ. रेघेवर दोन पदं बसली असतील तर ती कंसातच बसलेली असतात, फक्त तो कंस कुणी काढलेला नसतो, कारण रेघ ते काम करते. रेघ आहे तोवर ती दोघं एकत्र. तू छेद उडवलास की रेघ जाते, आणि रेघेसोबत तो न काढलेला कंसही जातो. पदं मोकळी सुटतात आणि बाहेरचा गुणाकार किंवा बाहेरचं उणे चिन्ह पहिल्या पदालाच भेटून परत येतं.

(क्ष + ३)/२ − (क्ष − १)/३ = ४

वहीत आडव्या रेघेने लिहिशील तेव्हा यात एकही कंस नसेल. ६ ने गुणायच्या आधीच दोन्ही अंशांना पेन्सिलीने कंस घाल. मग लिही:

३(क्ष + ३) − २(क्ष − १) = २४

३क्ष + ९ − २क्ष + २ = २४

क्ष + ११ = २४, म्हणून क्ष = १३.

दुसऱ्या ओळीतलं ‘अधिक २’ बघ. सगळी मारामारी तिथे आहे. उणे दोन गुणिले उणे एक, म्हणून अधिक दोन. कंस न घालणारं मूल तिथे बिनदिक्कत ‘उणे २’ लिहितं. मग क्ष + ७ = २४ आणि क्ष = १७. आता १७ हे उत्तर दिसायला अगदी सभ्य आहे. पूर्णांक आहे, धन आहे, नीटनेटकं आहे, आणि मूल खुशीत पुढच्या गणिताला लागतं. ताळा घेतला असता तर कळलं असतं: विसाचे निम्मे दहा, त्यातून सोळाचा तिसरा भाग, म्हणजे सव्वापाचाच्या थोडं वर, वजा केला तर चार कसे उरतील? तेरा घालून बघ: सोळाचे निम्मे आठ, बाराचा तिसरा भाग चार, आठातून चार गेले, चार राहिले.

याच गणितात दुसरी घसरण उजव्या बाजूला होते. चाराला छेद नाही, म्हणून त्याला सहाने गुणायचं नाही असं समजतात आणि क्ष + ११ = ४ लिहून उणे सातावर जाऊन बसतात. छेद नसलेल्या पदालाही गुणायचंच. त्याच्याखाली १ आहे असं समज, हवा असेल तर सुरुवातीला लिहूनही टाक.

छाट देण्याचा मोह आवरायला शीक. (क्ष + ६)/३ दिसलं की सहा आणि तीन एकमेकांना कापून क्ष + २ लिहायला हात शिवशिवतात. क्ष च्या जागी ३ घालून बघ: नवाचा तिसरा भाग तीन, आणि तुझं क्ष + २ म्हणतंय पाच. खालचा तीन दोघांचा आहे, एकट्या सहाचा नाही. (३क्ष + ६)/३ असतं तर तो दोघांनाही जातो, म्हणून तिथे क्ष + २ बरोबर. शंका आली की एखादी छोटी संख्या घालून बघायची ही युक्ती मोफत आहे आणि कुठेही चालते.

समीकरण हातात आलं की लगेच लसावि काढत सुटू नकोस, आधी क्षणभर बघ. क्ष/३ − ५/७ = २/७ यात एकवीसने गुणायची काही गरज नाही. सातवे भाग एका बाजूला घेतले की उजवीकडे ७/७, म्हणजे १, म्हणजे क्ष = ३. ३क्ष/५ = १२ असेल तर बाराचा तिसरा भाग चार, चार पंचे वीस. पाच-तृतीयांशाने गुणलं, म्हणजेच गुणाकार व्यस्ताने गुणलं, असं वहीत लिही. आणि (क्ष − ५)/६ = ० अशा समीकरणात छेदाकडे बघायचंसुद्धा कारण नाही. अपूर्णांक शून्य व्हायचा तर अंशानेच शून्य व्हायला हवं.

तुझ्या पणजीला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, बीजगणित म्हणजे काय ते माहीत नव्हतं. पण पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दीडकी, अडीचकी, औटकी सगळं मुखोद्गत. औट म्हणजे साडेतीन. कुणी सांगितलं की एका संख्येची सव्वापट तीस होते, तर त्या तीसचे पाच वाटे करायच्या आणि त्यातले चार मोजायच्या: चोवीस. तू तेच क्ष + क्ष/४ = ३० असं लिहून चार ओळींत करतेस. त्यांची पद्धत झटपट होती हे कबूल. पण दोन-तीन अपूर्णांक एकदम आले की ती कमी पडते, तेव्हा तुझीच उपयोगी.

सव्वा, दीड, अडीच समीकरणात आले की एक जागा जपायची. २ १/२ यात दोन आणि अर्धा शेजारी बसलेत आणि त्यांच्यात बेरीज आहे. २क्ष मध्ये दोन आणि क्ष शेजारी बसलेत, तिथे मात्र गुणाकार आहे. शेजार एकच, नातं वेगळं. म्हणून पूर्णांकयुक्त अपूर्णांक समीकरणात तसाच वागवू नकोस, आधी ५/२ करून घे, मग पुढे चल. दशांश आले तर त्यांचं काम अजून सोपं. ०.५क्ष + ०.२५ = १.७५ ला शंभराने गुण, ५०क्ष + २५ = १७५, क्ष = ३.

तिरकस गुणाकाराबद्दल माझं मत जरा कडक आहे. तो चांगला आहे, पण मुलांना फार लवकर शिकवला जातो आणि मग ती बरोबरचं चिन्ह दिसलं की तिरक्या रेघा मारत सुटतात. नियम असा की प्रत्येक बाजूला एकच अपूर्णांक, दुसरं काहीही नाही, तरच तिरकस गुणाकार. (२क्ष − १)/५ = (क्ष + ४)/४ इथे खुशाल कर: ८क्ष − ४ = ५क्ष + २०, क्ष = ८, दोन्ही बाजू तीन. पण क्ष/२ + १ = २क्ष/३ इथे डावीकडे एक सुटा १ बसलाय. तिरकस करणारा ३क्ष + १ = ४क्ष लिहितो आणि क्ष = १ सांगतो. एक घालून बघ, डावीकडे दीड, उजवीकडे दोन-तृतीयांश. सहाने सगळ्यांना गुणलं की ३क्ष + ६ = ४क्ष आणि क्ष = ६. तिरकस गुणाकार हा ‘दोन्ही बाजूंना गुणणं’ याचाच आखूड केलेला प्रकार आहे. मूळ आठवत असेल तोवरच आखूड वापरावं.

तसंच ‘पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं’. क्ष + ५ मधला पाच पलीकडे उणे होतो, बरोबर. पण −३क्ष = १२ मधला उणे तीन गुणाकारात आहे, तो पलीकडे भागाकारात जातो आणि आपलं उणेपण सोबत घेऊन जातो. उत्तर उणे चार. इथे चार लिहिणारी मुलं दरवर्षी असतात, काही तर पंधरासुद्धा लिहितात.

शाब्दिक उदाहरणांत पाय घसरतो तो आकडेमोडीत नाही, ‘कशाचा’ भाग हे न वाचल्याने. यासाठी मी वर्गात नेहमी भास्कराचार्यांकडे जायचे. त्यांचा ‘लीलावती’ हा ग्रंथ ११५० सालचा. त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे. ‘लीलावती’तली दोन उदाहरणं जोडीने घ्यावीत.

पहिलं कमळांचं. कमळांच्या राशीतला तिसरा भाग शंकराला, पाचवा विष्णूला, सहावा सूर्याला, चौथा देवीला वाहिला आणि उरलेली सहा कमळं गुरूला. एकूण किती? इथे प्रत्येक भाग सगळ्या राशीचा आहे. म्हणून

क्ष/३ + क्ष/५ + क्ष/६ + क्ष/४ + ६ = क्ष

लसावि ६०. चारही छेदांचा गुणाकार घेतला असतास तर ३६० ने गुणत बसावं लागलं असतं. साठाने गुणून २०क्ष + १२क्ष + १०क्ष + १५क्ष + ३६० = ६०क्ष. सुट्या सहाचे ३६० झाले आणि उजवीकडच्या क्ष चे ६०क्ष, ही दोन पदं विसरायची नाहीत. ५७क्ष + ३६० = ६०क्ष, ३क्ष = ३६०, क्ष = १२०. ताळा: ४०, २४, २०, ३० आणि ६.

भास्कराचार्य स्वतः हे असं मांडत नाहीत. त्यांची रीत अशी: एखादी राशी धरून चल, समजा साठ. साठातून ५७ गेली, तीन उरली. उरायला हवी होती सहा, म्हणजे दुप्पट. मग राशीही दुप्पट, १२०. याला त्यांनी इष्टकर्म म्हटलंय. मनासारखी संख्या धरायची, आणि सोपं जावं म्हणून ती अशी धरायची की सगळे छेद तिच्यात निमूट बसतील. म्हणजे लसावि तिथेही आलाच.

दुसरं उदाहरण यात्रेकरूचं. त्याने जवळच्या पैशांपैकी निम्मे प्रयागला दिले. उरलेल्याचे दोन-नवमांश काशीला, त्यातून उरलेल्याचा चौथा भाग वाटेत जकातीला, आणि त्यातूनही उरलेल्याचे सहा-दशांश गयेला. घरी परत आला तेव्हा हाती ६३ निष्क, म्हणजे तेव्हाची नाणी. हा प्रकार वेगळा, जुन्या गणितात याला शेषजाती म्हणतात. इथे कमळांसारखे सगळे भाग क्ष चे घेतलेस की गणित गेलंच. प्रत्येक ठिकाणी भाग वेगळ्या रकमेचा आहे.

आणि इथे एक गोष्ट मी तुला मुद्दाम देऊन ठेवते, ती पुस्तकात सहसा नसते. काय खर्च झालं ते वजा करत बसू नकोस, काय उरलं त्याने गुणत जा. निम्मे गेले, निम्मे उरले: क्ष/२. दोन-नवमांश गेले म्हणजे सात-नवमांश उरले: ७क्ष/१८. चौथा भाग गेला, तीन-चतुर्थांश उरले: ७क्ष/२४. सहा-दशांश गेले, चार-दशांश उरले: ७क्ष/६०. मग ७क्ष/६० = ६३, आणि क्ष = ५४०. वजाबाक्या करत गेली असतीस तर अर्धं पान भरलं असतं आणि कंसांची रांग लागली असती. ताळा मात्र वजाबाकीने घे: ५४० चे २७०, त्यातून ६० जाऊन २१०, त्यातून साडेबावन्न जाऊन १५७.५, त्यातून ९४.५ जाऊन ६३.

म्हणून शाब्दिक उदाहरण वाचताना ‘उरलेल्याचा’, ‘शिल्लक रकमेचा’, ‘राहिलेल्यांपैकी’ असे शब्द दिसले की त्यांच्याखाली रेघ ओढ. प्रश्न काढणारा ते शब्द उगाच लिहीत नाही.

नववी-दहावीत गेलीस की क्ष छेदातही येईल. पद्धत बदलत नाही, एक काळजी वाढते. क्ष/(क्ष − ३) − २ = ३/(क्ष − ३) हे सोडव. क्ष − ३ ने गुणून क्ष − २(क्ष − ३) = ३, म्हणजे −क्ष + ६ = ३, म्हणजे क्ष = ३. आकडेमोड बिनचूक आहे, पण तीन घातलं की छेद शून्य होतो आणि शून्याने भागता येत नाही. या समीकरणाला उत्तरच नाही. म्हणून छेदात क्ष दिसला की पहिल्या ओळीच्या आधी कोपऱ्यात लिहून ठेव, क्ष ३ नसावा. मग शेवटी शोधाशोध नको.

एक सावधगिरी राहिली, आणि ती हुशार मुलांना जास्त लागते. छेद उडवायची सवय लागली की जिथे बरोबरचं चिन्हच नाही तिथेही ती छेद उडवतात. ‘सोपं रूप द्या: क्ष/२ + क्ष/३’ याचं उत्तर ५क्ष/६ आहे, ५क्ष नव्हे. समीकरणाला दोन बाजू असतात, दोघींना सारखं गुणलं तर काही बिघडत नाही. इथे बाजूच एक. सहाने गुणलंस तर राशीच सहापट झाली. म्हणून प्रश्नात बरोबरचं चिन्ह आहे का, हे हातात पेन्सिल घेण्यापूर्वी बघायचं.

मांडणीचं थोडक्यात सांगते. एका ओळीत एकच पायरी. बरोबरची चिन्हं एकाखाली एक. कच्चं काम उजव्या समासात, खोडरबराने पुसलेलं नको, म्हणजे चुकलं तर कुठे चुकलं ते सापडतं. आणि ताळा नेहमी मूळ समीकरणात घ्यायचा. मधल्या ओळीत घेतला तर त्याआधी झालेली चूक तशीच सुटून जाते.

अजून एक राहिलं. उत्तर अपूर्णांकात आलं की मुलं घाबरून सगळं खोडतात. शाळेच्या पुस्तकाने लावलेली ही सवय आहे, तिथली बहुतेक उत्तरं गोंडस पूर्णांक असतात. पण साडेतीन हजार वर्षांपूर्वी, इसवी सनपूर्व १५५० च्या सुमारास, इजिप्तमध्ये अहमोस नावाच्या लेखनिकाने एक पपायरसची गुंडाळी लिहिली. ती आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यातलं एक गणित असं: एका राशीत तिचाच सातवा भाग मिळवला तर १९ होतात. तो सात धरून चालतो, सात आणि एक आठ, आणि मग आठाचे एकोणीस करायला जितकी पट लागेल तितकी पट साताची करतो. भास्कराचार्यांचं इष्टकर्मच ते. तू सरळ क्ष + क्ष/७ = १९ लिही, सातने गुण, ८क्ष = १३३. आठाने भाग जात नाही, जाऊ दे. क्ष = १३३/८, म्हणजे सोळा पूर्णांक पाच-अष्टमांश. ताळा घे: १३३/८ चा सातवा भाग १९/८, दोन्ही मिळून १५२/८, म्हणजे १९.